एका शब्दाखाली किती आजार? : 'मूळव्याध' आणि शौचावाटे जाणारे रक्त

एस.टी. स्टँडच्या शौचालयाबाहेरची भिंत मी थांबून वाचतो. घरचे हसतात. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, त्या भिंतीवर बोअर मारून देणाऱ्याचा, लग्न जमवणाऱ्याचा आणि मूळव्याध बरी करणाऱ्याचा असे तीन फोन नंबर हमखास सापडतात. तिसऱ्याची भाषा ठरलेली असते : 'मूळव्याध, भगंदर, फिशर. विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज.' रोग्याला पाहिल्याशिवाय, नुसत्या फोनवर, पोस्टाने औषध पाठवणारेही त्यांत असतात.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगितलेले बरे. टपाल खात्यात नोकरी केली, बी.ए. अर्धवट राहिले, आणि जे काही वाचले ते जिल्हा ग्रंथालयात किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडून मागून आणलेल्या पाठ्यपुस्तकांत. जुन्या मासिकांतल्या आणि पंचांगांतल्या औषधांच्या जाहिराती वहीत उतरवून ठेवणे हा माझा छंद होता. त्या छंदाला भिंतींची जोड नंतर मिळाली. त्याचा अभ्यास झाला तो माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, आजारपणामुळे. तिच्याविषयी पुढे लिहितो. तशी तिची परवानगी घेतली आहे.

या लेखाचा प्रश्न साधा आहे. शौचाच्या वेळी रक्त दिसले की मराठी माणूस म्हणतो, 'मूळव्याध झाली.' हे वाक्य एकदा उच्चारले की पुढची चौकशी थांबते. पण त्या रक्तामागे खरोखर काय काय असू शकते?

शब्द आणि ग्रंथ

'मूळव्याध' म्हणजे मुळाची व्याधी. शरीराचे बूड ते मूळ, या अर्थाने. जागेचे नाव न घेता जागा सांगणारा हा सभ्य शब्द आहे, आणि त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण ही सभ्यताच असावी. बोलीत त्याचे पोटभेद आहेत : रक्त पडते ती 'रक्ती', दुखते-खाजते पण रक्त नाही ती 'कोरडी', बाहेर काही हाताला लागते ती 'मोडाची'. म्हणजे आपली वर्गवारी रोग्याला जे दिसते-जाणवते त्यावर बेतलेली आहे. रोगाचे मूळ आत कुठे आहे, याचा तिच्यात पत्ता लागत नाही.

जुने ग्रंथ याहून काटेकोर होते. सुश्रुतसंहितेत आठ 'महागद', म्हणजे बरे व्हायला अवघड असे मोठे रोग, सांगितले आहेत. वातव्याधी, प्रमेह, कुष्ठ यांच्या पंक्तीला अर्श आणि भगंदर ही दोन्ही नावे तेथे वेगवेगळी येतात. वाग्भटाने अर्श शब्दाचा अर्थ देताना शत्रूसारखे माणसाला छळणारे मांसाचे अंकुर असे म्हटले आहे. अर्शाचे प्रकार सहा : वात, पित्त, कफ, रक्त, सन्निपात यांपासून होणारे आणि जन्मजात. मलमार्गात कातरल्यासारखी वेदना होते तिला 'परिकर्तिका' असे स्वतंत्र नाव आहे. आजचे वैद्य फिशरची सांगड तिच्याशी घालतात. अर्शावर उपाय चार : औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. कोणत्या अर्शाला कोणता, हेही ठरलेले. नुकत्याच झालेल्या, सौम्य अर्शाला औषध. मऊ, पसरट, खोल आणि उंच आलेल्याला क्षार. खरखरीत, टणक, जाड असेल त्याला अग्नी. बारीक देठाच्या, उंच, ओलसर अर्शाला शस्त्र.

मऊ की टणक, देठ बारीक की जाड, हे वैद्याला कळणार कसे? पाहून. त्यासाठी सुश्रुताने 'अर्शोयंत्र' सांगितले आहे. धातूची, हस्तिदंताची, शिंगाची किंवा लाकडाची, गाईच्या सडाच्या आकाराची, चार अंगुळे लांबीची पोकळ नळी. तिचे दोन प्रकार : पाहण्यासाठी दोन छिद्रांचे आणि उपचारासाठी एका छिद्राचे. आजच्या सर्जनच्या टेबलावरचा प्रॉक्टोस्कोप पाहिला तेव्हा मला हा उतारा आठवला. ज्या परंपरेचे नाव घेऊन भिंतीवरच्या जाहिराती औषध विकतात, त्या परंपरेचा पहिला नियम आधी पाहा, मग उपचार करा असा होता.

सगळ्यांत जास्त आढळते ती मूळव्याध

आता आधुनिक वैद्यक काय सांगते ते पाहू. गुदद्वाराच्या आत, बोटभर अंतराच्या आत, एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला टोचले-कापले तरी नेहमीसारखी वेदना कळत नाही. खालची त्वचा मात्र अत्यंत हळवी. ही एक रेषा लक्षात ठेवली तर पुढच्या पुष्कळ गोष्टी उलगडतात.

रेषेच्या वर रक्तवाहिन्या, स्नायूंचे तंतू आणि मऊ ऊती यांच्या तीन उशा असतात. गुदद्वार घट्ट मिटायला त्या मदत करतात, आणि त्या प्रत्येक निरोगी माणसात असतात. पूर्वी मूळव्याध म्हणजे फुगलेल्या, गाठाळलेल्या शिरा अशी समजूत होती. १९७५ साली थॉमसन या ब्रिटिश सर्जनने या नैसर्गिक उशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा चित्र बदलले. वर्षानुवर्षे कुंथल्याने, बद्धकोष्ठाने, गरोदरपणात किंवा वयाने त्यांचा आधार सैल पडतो, त्या खाली घसरतात, मळाने खरचटतात आणि रक्त येते. मूळव्याध म्हणजे आपल्याच एका अवयवाचे जागेवरून सरकणे.

हे रक्त लालभडक असते. शौच झाल्यावर थेंबथेंब पडते किंवा पिचकारीसारखे उडते, मळात मिसळलेले नसते. उशा रेषेच्या वर असल्यामुळे ते सहसा दुखत नाही. दुखते ते बाहेरच्या गाठीत रक्त साकळले तर, किंवा बाहेर आलेला मोड आत जाईनासा झाला तर. मोड बाहेर येत नाही ती पहिली पायरी, येऊन आपोआप आत जातो ती दुसरी, बोटाने सारावा लागतो ती तिसरी, जातच नाही ती चौथी.

पहिल्या पायऱ्यांवर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. जेवणात चोथा वाढवणे, भाकरी, पालेभाज्या, सालासकट फळे, लागल्यास इसबगोल, पाणी पुरेसे, आणि संडासात मोबाइल घेऊन अर्धा तास न बसणे, एवढ्याने पुष्कळांना बरे वाटते. त्यापुढे रबराचे छोटे कडे मोडाच्या बुडाशी बसवतात. ही पद्धत १९६३ साली बॅरन यांनी रूढ केली. शस्त्रक्रिया त्याहीपुढची.

चीर : दुखते ती

दुसरे कारण फिशर, म्हणजे चीर. कडक मळ जाताना रेषेखालची हळवी त्वचा फाटते, बहुधा मागच्या बाजूला, मधोमध. काच गेल्यासारखी वेदना होते आणि ती शौचानंतर कधी कधी तासभराहून जास्त टिकते. रक्त थोडे, मळावर एखादी रेघ किंवा कागदावर डाग. दुखण्याच्या भीतीने माणूस शौच टाळतो, मळ आणखी कडक होतो, चीर पुन्हा फाटते. आतला स्नायू आकडतो, त्यामुळे त्या जागी रक्तपुरवठा कमी पडतो आणि जखम भरत नाही. हे चक्र तोडायला मळ मऊ ठेवणे, कोमट पाण्यात बसणे आणि स्नायू सैल करणारे मलम पुरते. नवी चीर बऱ्याचदा काही आठवड्यांत भरून येते. सहा-आठ आठवडे उलटूनही भरली नाही तर ती जुनी चीर, तिला पुढचे उपचार लागतात. चीर मधोमध नसून बाजूला असेल, किंवा एकीपेक्षा जास्त असतील, तर डॉक्टर क्षय किंवा क्रोनसारख्या वेगळ्या आजाराचा विचार करतात.

भगंदराची गोष्ट निराळी. तो आतून बाहेर त्वचेपर्यंत पडलेला बोगदा. त्यातून मुख्यतः पू येतो, रक्त कमी. जाहिरातीत तिन्ही नावे एका ओळीत असली तरी तिघांचे उपचार तीन तऱ्हेचे आहेत. भगंदरावरचे क्षारसूत्र बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी पुन्हा वापरात आणले, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची अनेक केंद्रांवर चाचणी घेतली. खरी परंपरा अशी तपासून घेतली जाते. भिंतीवरच्या पुडीची तशी तपासणी कोणी केलेली नसते.

आणखी आतून येणारे रक्त

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब. त्यात कुठेही रक्त येऊ शकते.

आव पडून रक्त जाणे आपल्याकडे घरोघर माहीत आहे. पोटात कळा, वारंवार जावेसे वाटणे, थोडे थोडे शेंबडासारखे आणि रक्ताळलेले पडणे. शिगेला हा जंतू जपानच्या कियोशी शिगा यांनी १८९७ साली शोधला, त्यांचेच नाव त्याला आहे. आमांशाचा अमीबा त्याआधी, १८७५ साली, रशियात लॉश यांनी पाहिला होता. असा आजार बहुधा दिवसांत आवरतो. पण 'आव' आठवडेच्या आठवडे चालू राहिली, रात्री झोपेतून उठावे लागले, वजन उतरले, तर अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याच्या अस्तराला येणारी दीर्घ सूज, असू शकते. ती तरुणांतही होते. अमीबाच्या गोळ्या पुन्हा पुन्हा खाऊन ती बरी होत नाही.

उतारवयात आतड्याच्या भिंतीला फुगे येतात, त्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. त्यांतून अचानक, न दुखता, भरपूर रक्त जाऊ शकते. म्हातारपणी नाजूक झालेल्या बारीक रक्तवाहिन्याही फुटतात. गर्भाशयाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पूर्वी शेक घेतला असेल तर काही महिन्यांनी-वर्षांनी गुदाशयातून रक्त येऊ लागते. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लहान कारणानेही जास्त रक्त जाते. मळ डांबरासारखा काळा, चिकट आणि दुर्गंधी असेल तर रक्त वरून, जठरातून किंवा त्याच्या पुढच्या भागातून येत असते. दुखणे थांबवायच्या गोळ्या सर्रास खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो आणि बिटाने लाल. म्हणून घाबरण्यापूर्वी काल काय खाल्ले ते आठवावे.

उरला मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग. मूळव्याध आणि चीर यांच्या मानाने तो कमी आढळतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. रक्त दिसले म्हणजे कर्करोग, असे मुळीच नाही. पण बहुतेकदा तो पॉलिप नावाच्या लहान, निरुपद्रवी कोंबापासून सुरू होतो आणि कर्करोग व्हायला बरीच वर्षे, अनेकदा दहाच्या आसपास, घेतो. कोंब वेळीच सापडला तर दुर्बिणीतूनच काढता येतो. दुर्बिणीतून पॉलिप काढण्याचे तंत्र १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शिन्या आणि वुल्फ यांनी यशस्वी केले. एवढा अवधी देणारा कर्करोग क्वचितच असेल. आपण तो अवधी कसा घालवतो, हे मी घरात पाहिले.

आक्का

त्या वर्षी आषाढी एकादशीच्या सुमारास आक्काला पहिल्यांदा रक्त दिसले. वय ५७. उपासाची उष्णता असेल म्हणून तिने महिनाभर कोणाला सांगितले नाही. मग माझ्या बायकोला सांगितले, बायकोने मला. मी वही उघडली आणि तिच्यातला एक नंबर दिला.

हे लिहायला मला सात वर्षे लागली. माझा कयास असा होता की या पुड्यांनी गुण आला नाही तरी अपाय होणार नाही. आक्काने पाच महिने पुडी घेतली. रक्त कधी थांबे, कधी येई. थांबले की पुडीचा गुण, आले की पथ्य मोडले. आज कळते की मूळव्याधीचे रक्त असेच येते-जाते, चीर आपोआप भरते, आणि कर्करोगाचे रक्तही रोज येत नाही. अशा आजारावर काहीही दिले तरी काही दिवस गुण आल्यासारखा वाटतोच. या जाहिराती इतकी दशके टिकल्या त्याचे कारण माझ्या मते हेच.

नंतर तिला दम लागू लागला. हिमोग्लोबिन ७.४ निघाले. जवळच्या एका दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळाल्या. बायकांना रक्त कमी असतेच, असे म्हटले गेले आणि आम्हालाही ते पटले. पाळी बंद होऊन सहा वर्षे झालेल्या बाईचे रक्त जाते कुठे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. गोळ्यांनी मळ काळा झाला, त्यात लाल दिसेनासे झाले. ती म्हणाली, "आता थांबलंय."

दुसरी दिवाळी आली. आकाशकंदील लावायला स्टुलावर चढताना तिला धाप लागली. तिची सून तिला जिल्ह्याच्या गावी एका बाई सर्जनकडे घेऊन गेली. बाईंनी चार प्रश्न विचारले, पडदा ओढला, हातमोजा घातला आणि बोटाने तपासले. एक मिनिट लागले असेल. गाठ हाताला लागली. पहिल्या रक्तापासून सोळा महिने झाले होते.

बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "यांना मूळव्याधही आहे. पण रक्त फक्त तिचं नाही." हे वाक्य मी विसरलेलो नाही. मूळव्याध असणे म्हणजे दुसरे काही नसण्याची खात्री नव्हे.

मुंबईत साडेपाच आठवडे शेक आणि सोबत गोळ्या, मग शस्त्रक्रिया. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असल्याने मार्ग वाचवता आला नाही. पोटावर कायमची पिशवी आली. जवळच्या लसिकाग्रंथींत रोग पोचला होता, म्हणून सलाइनमधून औषधेही झाली. आक्का आज ६५ वर्षांची आहे. पिशवी स्वतः बदलते, भजनी मंडळात जाते, वारीला मात्र जाता येत नाही याचे तिला वाईट वाटते. वर्षभर आधी तपासले असते तर पिशवी टळली असती का, असे मी सर्जनबाईंना विचारले. खात्रीने सांगता येणार नाही, पण रोग लहान असता, एवढेच त्या म्हणाल्या.

तपासणीत काय करतात

लाज तपासणीच्या अज्ञानातून वाढते, म्हणून क्रमाने सांगतो. आधी प्रश्न : रक्त लाल की काळपट, मळावर की मळात मिसळलेले, दुखते की नाही, शौचाची सवय बदलली का, पोट साफ झाले नाही असे वाटत राहते का, वजन उतरले का, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग होता का, गोळ्या कोणत्या चालू आहेत. मग कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घेऊन, बोटाने तपासणी. बोट सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोचते, आणि गुदाशयातल्या खालच्या गाठी तेवढ्यात कळतात. चीर फार दुखत असेल तर डॉक्टर त्या दिवशी नुसते पाहून उपचार सुरू करतात आणि बोटाची तपासणी पुढे ढकलतात. मग प्रॉक्टोस्कोप, सुश्रुताच्या नळीचा वंशज. रक्ताची साधी तपासणी. गरज असल्यास कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी आतडे धुण्याचे औषध पिणे हाच तिचा खरा त्रास. तपासताना गुंगी देतात. स्त्रियांनी सोबत बाईमाणूस हवे असे सांगावे, तो त्यांचा हक्क आहे.

कोलोनोस्कोपी सर्वांनाच लागत नाही. तिशीतल्या माणसाला कुंथताना दुखून लाल रेघ दिसली, चीर डोळ्यांना दिसली आणि उपचाराने भरली, तर प्रकरण तेथेच संपते. मात्र पंचेचाळीस-पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा रक्त दिसणे, रक्त मळात मिसळलेले असणे, काही आठवडे शौचाची सवय बदललेली राहणे, कारण न कळता रक्तक्षय, वजन उतरणे, घराण्यात असा कर्करोग असणे, यांपैकी एक जरी असेल तरी आतून पाहिल्याशिवाय 'मूळव्याध' हे उत्तर स्वीकारू नये. आणि एकदम पुष्कळ रक्त गेले, चक्कर आली, किंवा डांबरासारखे काळे झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

अमेरिकेत २०२१ पासून, लक्षणे नसतानाही, वयाच्या ४५ व्या वर्षापासून आतड्याच्या कर्करोगाची चाचणी घ्यावी अशी शिफारस आहे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चाचणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी. आतडे त्यात नाही. म्हणजे आपल्याकडे इशारा देणारे दुसरे कोणी नाही. रक्त दिसणे हाच इशारा, आणि तो आपण एका सभ्य शब्दाखाली झाकतो.

हा लेख मी आक्काला वाचून दाखवला. तिने मध्येच थांबवले. "शौचावाटे काय लिहितोस? बायकांना कळेल असं लिही." म्हणून तिच्या शब्दांत लिहितो : परसाकडला बसल्यावर रक्त दिसलं, तर घरातल्या एकाला तरी त्याच आठवड्यात सांगा. पुडी घेऊ नका. डॉक्टरकडे जा, आणि त्यांनी न तपासता गोळ्या लिहिल्या तर म्हणा, "आधी तपासून बघा."